चंद्रभागेच्या बर्फातली त्र्याण्णव माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आणखी एक ७ फेब्रुवारी येऊन गेला. १९६८ साली याच तारखेला भारतीय हवाई दलाचे ‘एएन-१२’ जातीचे, बीएल-५३४ क्रमांकाचे मालवाहू विमान चंडीगडहून लेहकडे निघाले. पुढचे हवामान बिघडल्यामुळे वैमानिकाने परत फिरण्याचा निर्णय घेतला आणि रोहतांग खिंडीच्या आसपास शेवटचा संपर्क झाल्यानंतर ते विमान १०२ माणसांसह नाहीसे झाले. त्यांपैकी २०२४ अखेरपर्यंत नऊ जणांचे पार्थिव सापडले. उरलेले त्र्याण्णव जण अजून हिमाचल प्रदेशातल्या लाहौलच्या बर्फात आहेत. त्यांच्या हयात असलेल्या नातेवाइकांचे डीएनए नमुने सरकारने आताच, शोधमोहिमेची वाट न पाहता, घेऊन ठेवावेत, एवढी एकच मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी लहान असली तरी तिची कारणे सांगायला थोडी जागा लागेल, ती आपण द्यावी ही विनंती.

मी हवाई दलात वीस वर्षे नोकरी केली, वैमानिक म्हणून नव्हे, जमिनीवरच्या कामात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझी नेमणूक चंडीगडला होती आणि लेहला जाणाऱ्या मालवाहू विमानांमध्ये सामान चढवणे, ते जाळ्यांनी आणि पट्ट्यांनी आवळून बांधणे आणि वजनाचा हिशेब जुळवणे हे आमचे काम होते. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की लडाखला जायला विमानाखेरीज मार्ग नसे. रजेवरून परतणारे जवान छावणीत चार-चार, आठ-आठ दिवस ‘आज फ्लाइट आहे का’ असे विचारत पडून असत. पहाटे चार वाजता धावपट्टीलगतच्या काँक्रीटवर दव गोठलेले असे आणि त्यावर काळ्या पत्र्याच्या ट्रंकांची रांग लागलेली असे. प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नंबर, नाव आणि पलटण लिहिलेली. काहींनी गावाचे नावही लिहिलेले असे. कोणी ते घरीच चुन्याने लिहून आणलेले असल्याने अक्षर वाकडे असायचे. ट्रंकेच्या कडीला आईने बांधून दिलेली पिशवी, तिच्यात डाळीचे लाडू किंवा गुळाची ढेप. ते सगळे माणसासकट काट्यावर चढायचे, कारण लेहची धावपट्टी दहा हजार सहाशे फुटांहून अधिक उंचीवर आहे आणि तिथल्या विरळ हवेत दर किलोचा हिशेब लागतो. अंडी, डबाबंद भाजी, रॉकेल, टपाल आणि माणसे एकाच पोटात बसत. एएन-१२च्या मालाच्या भागात हवेचा दाब राखण्याची सोयही नव्हती. ते विमान बनवले होते सामानासाठी, माणसे त्यात गरजेपोटी बसत.

आमचे एक वयस्क सार्जंट होते. प्रवाशांची यादी वाचून दाखवायची त्यांनी आम्हाला सक्त मनाई केली होती. यादी वाचली की झोपेतला कोणीही ‘हजर’ म्हणतो, म्हणून नाव समोरच्या माणसाच्या तोंडून घ्यायचे, नंबर त्याच्याकडूनच म्हणवून घ्यायचा आणि मगच यादीवर खूण करायची, असा त्यांचा नियम होता. आयत्या वेळी एखाद्याच्या पोटात दुखू लागायचे आणि त्याची जागा दुसरा घ्यायचा. असा बदल कागदावर आला नाही तर काय होते हे त्यांना ठाऊक होते, कारण ते १९६८ साली नोकरीत होते. त्या विमानाबद्दल ते फार बोलत नसत. पण कार्बन घालून केलेल्या यादीची खालची प्रत ते स्वतः घडी घालून खणात ठेवत आणि म्हणत, ‘वर जाणारी प्रत विमानाची, ही खालची घरच्यांची.’ हा वाक्प्रचार त्यांचा स्वतःचा होता; नियमावलीत तो कुठेही नव्हता.

डोंगरात विमान का पडते, हा प्रश्न गावाकडची मंडळी मला अजून विचारतात आणि मी त्यांना आधी आपला सह्याद्रीच दाखवतो. ७ जुलै १९६२ रोजी अलितालिया कंपनीचे प्रवासी विमान मुंबईकडे उतरत असताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण दगावले. विमान होते त्यापेक्षा मुंबईच्या अधिक जवळ आहे असे वैमानिकाला वाटले आणि तो लवकर खाली आला, असे चौकशीचे म्हणणे. साडेतीन-चार हजार फुटांच्या डोंगररांगेत जर ही गत, तर जिथे दोन्ही बाजूंची शिखरे सहा हजार मीटरच्या वर जातात तिथे ढगात शिरलेल्या विमानाला चुकीला किती जागा उरते याचा अंदाज वाचकांनीच करावा. अरुंद दरीत वळायला विमानाला जेवढा घेर लागतो तेवढी रुंदी दरीला नसते. वारा कड्याला आपटून वर चढतो तेव्हा विमानाला उचलतो आणि पलीकडे उतरतो तेव्हा दाबतो, आणि भरलेले मालवाहू विमान त्या दाबातून वर निघेलच असे नाही. लेहची उड्डाणे पहाटेच का, याचेही उत्तर यातच आहे: ऊन चढले की दऱ्यांतला वारा बेभरवशाचा होतो. १९६८ साली वैमानिकापाशी उपग्रहाचे हवामान नव्हते, जीपीएस नव्हते, समोर डोंगर आहे असे ओरडून सांगणारे यंत्र नव्हते. परत फिरण्याचा त्याचा निर्णय बरोबर होता. मागचा रस्ता दरम्यान बंद झाला असावा, असे मला वाटते. माझ्यासारख्या जमिनीवरच्या माणसाने याहून अधिक बोलू नये.

पुढची पस्तीस वर्षे त्या विमानाचा ठावठिकाणा लागला नाही. २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेची तुकडी चंद्रभागा-१३ या शिखराच्या मोहिमेवर असताना तिला दक्षिण ढाका हिमनदीवर एका जवानाचे अवशेष आणि त्याचे ओळखपत्र मिळाले, तेव्हा कळले की विमान इथे आहे. चंद्रभागा म्हटले की आपल्याला पंढरपूर आठवते; ही चंद्रभागा लाहौलची. चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांदी गावापाशी मिळतात आणि पुढे तिलाच चिनाब म्हणतात. आपल्याकडे चंद्रभागेच्या वाळवंटात माणसे भेटायला जातात, तिकडे तिच्या उगमाकडच्या बर्फात माणसे अडकून पडली आहेत, हा योगायोग माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर लष्कराच्या मोहिमा निघाल्या, त्यात डोग्रा स्काउट्सच्या जवानांनी मोठे काम केले. २००७ मध्ये तीन पार्थिव मिळाले, २०१३ मध्ये एक. २०१८ मध्ये पुन्हा एका गिर्यारोहक तुकडीलाच मानवी अवशेष आणि विमानाचे तुकडे दिसले, आणि ही तुकडी गेली होती डोंगरावरचा कचरा गोळा करायला. २०१९च्या मोहिमेत इंजिन, पंखा आणि विमानाच्या सांगाड्याचे भाग हाती आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी आणखी चार पार्थिव मिळाल्याची बातमी आली, ती आपल्याकडच्या वृत्तपत्रांतही छापून आली होती.

या घटनाक्रमात एक गोष्ट डोळ्यांत भरते. लष्कराने शोधले तेव्हा सापडले, हे खरे. पण पहिला धागा आणि नंतरचा एक धागा, दोन्ही वेळा दुसऱ्याच कामाला निघालेल्या माणसांच्या पायाखाली आला. शोधणाऱ्यांचा यात दोष नाही. हिमनदीचा स्वभावच तसा आहे. वरच्या भागात पडलेले बर्फ दर हिवाळ्यात नव्या थराखाली दबत जाते, दाबाने घट्ट होते आणि स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकते. त्यात अडकलेली वस्तू त्याच्याबरोबर प्रवास करते आणि जिथे वितळणे अधिक आणि नवे बर्फ कमी, अशा खालच्या टप्प्यात ती कधीतरी पृष्ठभागावर येते. म्हणजे १९६८ साली जिथे विमान आदळले ती जागा आणि आज पार्थिव मिळते ती जागा एक नसते, आणि दर वर्षी ती जागा थोडी बदलते. आज रिकामी दिसलेली जागा पुढच्या सप्टेंबरात रिकामी असेलच असे नाही. हे अनुभवाचे आहे. फ्रान्समध्ये माँ ब्लाँवर एअर इंडियाची दोन प्रवासी विमाने पडली, १९५० साली ‘मलबार प्रिन्सेस’ आणि २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनगंगा’. दुसऱ्या अपघातात ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. तिथली बोसाँ हिमनदी दशकानुदशके त्या विमानांचे काही ना काही परत देत राहिली. २०१२ मध्ये तिथे राजनैतिक टपालाची थैली निघाली, २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी मिळाली आणि २०२० मध्ये जानेवारी १९६६ची भारतीय वर्तमानपत्रे निघाली, ज्यांत इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी होती. कागद वाचता येत होता. बर्फ किती नीट जपते याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

आता २०२४च्या त्या चार जणांकडे येतो. ते उत्तर प्रदेश, उत्तराखंड, केरळ आणि हरियाणा अशा चार राज्यांतले होते, म्हणजे त्या विमानात देशभरातले लोक होते. ओळख पटली ती मुख्यतः अंगावरच्या कपड्यांत राहिलेल्या कागदपत्रांवरून. छप्पन्न वर्षे बर्फात राहिलेला कागद, आणि त्यावर नाव. पार्थिव घरी पोहोचले तेव्हा एका घरी भावंडे होती, दुसऱ्या घरी नातवंडांनी अंत्यविधी केले. आई-वडील कुठेच नव्हते. असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या स्त्रियांनी विशीत कुंकू पुसायचे की ठेवायचे हे ठरवता न येता कित्येक वर्षे काढली, त्यांपैकी बहुतेक आता नाहीत. आमच्या भागात लष्करात माणूस नाही असे घर शोधावे लागते, त्यामुळे ‘बेपत्ता’ या शब्दाचे घरात काय होते हे मी जवळून पाहिले आहे. पेन्शनच्या कागदावर ‘मृत मानण्यात येत आहे’ असे लिहून येते, पण दिवस कधी करायचे, श्राद्धाला तिथी कोणती धरायची, हे कोणी लिहून देत नाही. काही घरांत बेपत्ता होण्याची तिथी धरतात, काही घरांत सर्वपित्रीला पान वाढतात, आणि एखादी म्हातारी शेवटपर्यंत काहीच करू देत नाही.

म्हणून मला काळजी वाटते ती पुढच्या पार्थिवाची, ज्याच्या खिशात कागद नसेल. प्रत्येक वेळी ओळखपत्र किंवा पे-बुक, म्हणजे जवानाची पगाराची वही, मिळेल असे नाही. आघातात शरीरे अखंड राहिलेली नाहीत, हिमनदीच्या प्रवासात ती आणखी विखुरतात. सापडणारे पुष्कळसे अवशेष डीएनएवरूनच ओळखावे लागतील, आणि त्यासाठी जुळवून पाहायला नातेवाइकांचा नमुना हवा. इथे वय आडवे येते. ज्या जवानाला मूल नव्हते त्याच्या बाबतीत सर्वांत उपयोगाचे नमुने सख्ख्या भावाबहिणींचे. १९६८ साली विशीत असलेल्या जवानाची भावंडे आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. आईकडून मुलांकडे येणारा डीएनए बहिणीच्या मुलांतही असतो, म्हणून भाचे चालतात. वडिलांकडून मुलाकडे जाणारा भाग पुतण्यांत असतो, म्हणून पुतणेही चालतात. पण जसजसे नाते दूर जाते तसतशी खात्री कमी होते आणि काही घराण्यांत योग्य तो माणूसच उरत नाही. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतलेला नमुना कागदाच्या पाकिटात वर्षानुवर्षे टिकतो. त्याला ना हेलिकॉप्टर लागते, ना सोळा हजार फुटांवरची छावणी. तो आज घेतला नाही तर काही घरांच्या बाबतीत पुढच्या वर्षी घेताच येणार नाही.

हे काही जगावेगळे मागणे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात आसामच्या चबुआ, दिंजान, मोहनबारी, जोरहाट अशा विमानतळांवरून चीनच्या कुनमिंगला रसद पोहोचवणारी अमेरिकी मालवाहू विमाने पूर्व हिमालय ओलांडत असत. वैमानिक त्या मार्गाला ‘हंप’, म्हणजे कुबड, म्हणत. १९४२ ते १९४५ या काळात सुमारे साडेसहा लाख टन माल त्या मार्गाने गेला आणि सुमारे सहाशे विमाने पडली. त्यांतली कित्येक अरुणाचलच्या जंगलात आहेत. पासिघाटला २०२३ मध्ये त्यांचे संग्रहालयही उघडले. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी स्वतंत्र यंत्रणा आहे. ती दुसऱ्या महायुद्धातल्या जवानांच्या नातेवाइकांचे नमुने आजही मागवून जपून ठेवते. अवशेष मिळण्याची वाट न पाहता नमुना आधी घ्यायचा, ही तिची पद्धत. २०१६ मध्ये अरुणाचलात पडलेल्या एका अमेरिकी विमानाशी संबंधित अवशेष दिल्लीतून सन्मानाने मायदेशी गेले, तेव्हा त्या अपघाताला बहात्तर वर्षे झाली होती. अमेरिकेच्या सगळ्याच गोष्टी आपण कित्त्यासारख्या गिरवाव्यात असे मी म्हणणार नाही, आणि त्यांच्या पैशाची गोष्ट वेगळी. पण ही एक गोष्ट पैशाची नसून हिशेबाची आहे.

मेलेल्यांच्या शोधासाठी जिवंत जवानांचा जीव धोक्यात घालू नये, असे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते. ढाका हिमनदीवर भेगा आहेत, उंचीचा त्रास आहे, वर्षाकाठी काम करण्याजोगे दिवस जेमतेम ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे. शोधमोहीम दर वर्षी काढावी की दोन वर्षांनी, किती माणसे पाठवावीत, कोणत्या उंचीपर्यंत जावे, हे तिथे पाय ठेवणाऱ्यांनी ठरवावे. सातारा जिल्ह्यात बसून मी त्यांना सल्ला देणे शोभणार नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की उन्हाळ्याअखेरीस ड्रोनने आणि उपग्रहचित्रांनी हिमनदीच्या खालच्या टप्प्याची पाहणी दर वर्षी ठरलेल्या वेळी व्हावी, आणि त्या भागात जाणाऱ्या गिर्यारोहकांना परवान्याबरोबरच ‘काही दिसले तर हात न लावता जागा नोंदवा आणि या क्रमांकावर कळवा’ असे एक पान द्यावे. आजवरचा इतिहास पाहता पुढचा धागाही त्यांनाच मिळण्याचा संभव मोठा.

हाच प्रश्न नव्या अपघातांनाही लागू आहे, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाला निघालेले ‘एएन-३२’ जातीचे मालवाहू विमान अरुणाचलात बेपत्ता झाले. त्यात तेरा जण होते. उपग्रह, नौदलाची टेहळणी विमाने, हेलिकॉप्टरे, लष्कराच्या तुकड्या असे सगळे कामाला लागले. माहिती देणाऱ्याला पाच लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. तरीही अवशेष दिसायला ११ जून उजाडला, आणि ती जागा होती लिपो गावाच्या उत्तरेला सुमारे सोळा किलोमीटरवर, बारा हजार फुटांच्या उंचीवर. आठ दिवस. तिथे उतरलेल्या पथकात स्थानिक गिर्यारोहकही होते. तेरा जणांपैकी कोणीही वाचले नव्हते. काम उरकल्यावर खराब हवेमुळे त्या पथकालाही कित्येक दिवस वरच अडकून पडावे लागले. त्याच भागात २००९च्या जूनमध्येही एक एएन-३२ पडले होते आणि त्यातही तेरा जणच गेले होते. २०१९च्या विमानातील संकटसूचक यंत्राकडून उपयोगाचा संकेत मिळाला नाही, आणि ते जुन्या बनावटीचे असल्याचे तेव्हा छापून आले होते.

या यंत्रांविषयी सामान्य वाचकांना एक गोष्ट माहीत असावी. विमान आदळले की आपोआप संकेत सोडणाऱ्या जुन्या यंत्रांची एक कंप्रता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, १२१.५ मेगाहर्ट्झ होती; आंतरराष्ट्रीय उपग्रह व्यवस्थेने १ फेब्रुवारी २००९ पासून ती ऐकणे बंद केले. आता उपग्रह ऐकतात ती ४०६ मेगाहर्ट्झची, जिच्यात विमानाची ओळखही असते. आपल्याकडे त्याचे नियंत्रण केंद्र बेंगळुरूला इस्रोच्या आवारात आहे. पण यंत्र नवे असूनही डोंगराच्या आघातात अँटेना तुटली, वायर कापली गेली किंवा सांगाडा बर्फात गाडला गेला तर संकेत बाहेर पडत नाही. आघाताबरोबर विमानापासून सुटून दूर फेकली जाणारी यंत्रे आहेत, ती डोंगरात उडणाऱ्या मालवाहू ताफ्याला प्राधान्याने मिळावीत. मलेशियाचे विमान नाहीसे झाल्यानंतर नागरी प्रवासी विमानांची जागा निदान दर पंधरा मिनिटांनी कळत राहावी असा आंतरराष्ट्रीय दंडक २०१८ पासून आला. लष्करी गुप्ततेला धक्का न लावता तेवढे तरी रसद नेणाऱ्या विमानांसाठी असावे. २०१६ साली तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ समुद्रात बुडाले, त्याचे अवशेष चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोलीवर, २०२४च्या जानेवारीत सापडले. त्यातल्या एकोणतीस जणांच्या घरच्यांनी साडेसात वर्षे वाट पाहिली. समुद्र आणि डोंगर या बाबतीत सारखेच.

मालवाहू विमानांतल्या माणसांची गोष्ट मी पुन्हा पुन्हा करतो, कारण त्यांच्याकडे लक्ष कमी जाते. लढाऊ विमान पडले की वैमानिकाचे छायाचित्र पहिल्या पानावर येते, आणि ते यायलाच हवे. मालवाहू विमानात बसलेला जवान मात्र सुटी संपवून कामावर परत चाललेला असतो. तो त्या दिवशी काहीच पराक्रम करत नसतो. गुडघ्यात मान घालून, कानांना मफलर गुंडाळून, अंड्यांच्या खोक्यांशेजारी झोपलेला असतो. अशा शेकडो माणसांची नावे मी विचारून लिहून घेतली आहेत आणि मला आज त्यांतले एकही आठवत नाही. त्यांच्या ट्रंकांवरचे वाकडे अक्षर तेवढे आठवते.

तेव्हा करायचे काय, ते नेमके लिहितो. बीएल-५३४च्या १०२ जणांची यादी सरकारकडे आहेच. न सापडलेल्या त्र्याण्णव जणांची नावे, पलटण आणि भरतीच्या वेळचे गाव अशी राज्यवार यादी जाहीर करावी. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे. गावात चौकशी करून सर्वांत जवळचा हयात नातेवाईक शोधणे त्याला जमण्यासारखे आहे, कारण माजी सैनिक, विधवा आणि अवलंबितांशी त्याचा रोजचा संबंध असतो. नमुना घेण्यासाठी नातेवाइकाला दिल्लीला बोलावू नये. जिल्हा रुग्णालयात घ्यावा आणि त्याला लेखी पोच द्यावी. नमुना फक्त ओळख पटवण्यासाठीच वापरला जाईल, हे त्या पोचेवर छापलेले असावे. आजकाल लोक विचारतात आणि ते विचारणे रास्त आहे. एएन-३२च्या ताफ्यातून किंवा नव्या सी-२९५ मधून यापुढे डोंगराळ भागात जाणाऱ्या प्रत्येकाचा नमुना नोकरीच्या सुरुवातीलाच जपून ठेवण्याचा नियमही याच वेळी होऊ शकतो.

नातेवाइकांपैकी कोणी हे पत्र वाचत असतील तर त्यांनी जुनी पत्रे, तार, पे-बुकची प्रत, भरतीच्या वेळचे छायाचित्र, जे काही घरात असेल ते एका पाकिटात घालून नव्या पिढीतल्या कोणा एकाच्या हाती सोपवून ठेवावे आणि घरातल्या सर्वांत वयस्कर आत्या-काकांचे नाव-पत्ता त्यावर लिहावा. ऑगस्टमध्ये बर्फ उघडते, नातेवाइकांचा शोध त्याआधी सुरू व्हायला हवा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवाई दल कर्मचारी
ता. कोरेगाव, जि. सातारा